हाक न्हाय, तर पोर न्हाय

"हाक न्हाय, तर पोर न्हाय."

शाळेच्या व्हॅनच्या दारात उजवा हात आडवा धरून ती हे म्हणायची. हात म्हणजे कसा, तर कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, मनगटाला पोरींच्या केसांतून सुटलेले दोन-तीन रबर आणि मुठीत कुणाचा तरी विसरलेला डबा. आत पोरं, बाहेर पालक आणि मधे हा हात. तुम्ही नगरसेवक असा नाहीतर त्या पोराचे सख्खे वडील, पोर घरात तुम्हाला जे म्हणतं ते म्हणून त्यानं आतून हाक मारल्याखेरीज तो हात वर जायचा नाही. आपण हातातली पिशवी सांभाळत उन्हात उभं राहायचं आणि आपलंच पोर आपल्याला ओळखतंय का याची वाट बघायची.

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात ज्यांची मुलं त्या व्हॅननं यायची त्या सगळ्यांनी हा हात पाहिलाय. तुमच्याही गेटवर अशी कुणी असेल, जरा आठवून बघा. आम्ही सगळे तिला मावशी म्हणत होतो. राहायला खारीत, जुन्या गावातल्या एका बैठ्या घरात. आजूबाजूला टॉवर उभे राहिले तरी तिची भाषा गावचीच राहिली होती. तिचं खरं नाव मला कधी कळलं नाही आणि विचारायचं सुचलंही नाही, याची आता लाज वाटते.

पहिल्यांदा मी तिच्यासमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या लग्नाला अकरा दिवस झाले होते. प्राजक्ताचं हे दुसरं लग्न, माझं पहिलं. तिची मुलगी रेवा तेव्हा पाच वर्षांची, सिनियर केजीत. रेवा अडीच वर्षांची असताना तिचे वडील आजारपणात गेले. प्राजक्ता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळच्या ड्यूटीला असते, घरी यायला तिला दीड वाजतो. माझा जवळच हाटकेशला पुठ्ठ्याचे खोके बनवायचा गाळा आहे, जेवायच्या सुट्टीत मला निघता येतं. तेव्हा पाऊण ते दीड रेवाला मी बघायचं असं ठरलं. ठरवताना फारच सोपं वाटलं होतं.

व्हॅन आली. मावशीनं रेवाला दारापर्यंत आणलं आणि हात आडवा केला.

"कोन आलंय?"

रेवा माझ्या बुटांकडे बघत राहिली.

"हाक मार. तुजा कोन हाय?"

मीच म्हणालो, "अहो मावशी, मी प्राजक्ताचा मिस्टर. सोडा तिला, ऊन लागतंय."

"मी तुमाला न्हाय इचारला. तिला इचारते."

माझा स्वभाव तसा तापट. मी खिशातून आधार कार्ड काढून तिच्या नाकासमोर धरलं. तिनं ते नीट वाचल्यासारखं केलं आणि म्हणाली, "फोटो चांगला हाय. पन पोर आधार कार्डाला हाक मारतंय का?" मग मी मोबाइलवर लग्नातला फोटो दाखवला. त्यात रेवा आमच्या दोघांच्या मधे लाल फ्रॉक घालून उभी होती. "फोटोत कोन पन उभा ऱ्हातो," मावशी म्हणाली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, पोरं "मावशी, चलो ना" ओरडायला लागली, आणि मागच्या सीटवरून एकानं विचारलं, "ये अंकल किडनॅपर है क्या?"

प्राजक्ता फोन उचलेना, हातात मोजे घालून कुणाचं तरी रक्त काढत असणार. दहा मिनिटांनी तिचा उलट फोन आला, तो मी मावशीच्या कानाला लावला. "आजच्यापुरती देते," मावशी मला म्हणाली आणि हात वर केला.

दुपारी मी घर डोक्यावर घेतलं. शाळेत तक्रार करतो, लेखी करतो, समजते काय ती स्वतःला! प्राजक्तानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ती अशी आहे म्हणून तर मी निर्धास्त कामाला जाते."

या नियमामागचं कारण मला पुढच्याच आठवड्यात कळलं. ते मावशीनंच सांगितलं, तेही आपली चूक म्हणून. "एकदा एक मानूस आला, बोलला मी हिचा चाचा. आनि होता पन चाचाच, खोटा न्हाय बोलला. पन घरात भांडन होता. आईला न सांगता पोरगी घेऊन गेला. संध्याकाळला आली परत, पन तवर त्या आईचा काय झाला असंल! ती पोरगी त्याला बघून गप होती. तवाच मला समजायला पायजे होता." दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता म्हणे. तेव्हापासून हा नियम. कागद चालत नाही, ओळख चालत नाही, पोराच्या तोंडून हाक आली पाहिजे.

आणि मित्रहो, त्या हाका! मी मुद्दाम दहा मिनिटं आधी जाऊन उभा राहायला लागलो, केवळ त्या ऐकायला. आमच्या गेटवर सात मुलं उतरायची आणि सात घरांत सात तऱ्हा. एका मुलाचा बाप दुकान अर्धवट टाकून धावत यायचा, त्याला तो मुलगा "अहो" म्हणायचा. घरात आई अहो म्हणते, मग हाही अहो. भर दुपारी व्हॅनमधून "अहो, आज मला स्टार मिळाला!" असं ओरडलं की रस्त्यावरच्या चार बायका वळून बघायच्या. दोन जुळे भाऊ होते, त्यांच्यातला एक "अब्बू" म्हणायचा आणि दुसरा "पापा". बाप एकच. लहानपणी वर्षभर एक नानीकडे वाढला होता आणि एक इथं, एवढंच त्याचं कारण. मावशी दोघांकडून वेगवेगळी हाक घ्यायची, एकाच्या हाकेवर दुसरा सुटायचा नाही. एका गुजराती मुलाला न्यायला त्याच्या आजोबांची आई यायची, काठी टेकत. सगळं घर तिला "बा", म्हणजे आई, म्हणायचं, त्यामुळे तीन पिढ्यांची ती एकटीच बा होती.

सगळ्यात मजा आली ती बीडच्या आजीची. त्या घरातलं पोर इथं जन्मलं, इथंच वाढलं, आजीला त्यानं फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलेलं. ती पहिल्यांदाच इकडे आली आणि हौसेनं गेटवर आली. मावशीनं हात आडवा केला. "कोन आलंय?" पोरगा बघतोय, बघतोय. आजी कासावीस. एकदम त्याचा चेहरा उजळला आणि तो ओरडला, "मोबाईलआजी!" आजी रडायला लागली, मावशी हसायला लागली. तिनं हात वर केला तो तसाच व्हॅनच्या टपावर धाडधाड आपटला.

"नवीन हाक गावली!" नवी हाक मिळाली की ती अशी टपावर थापा मारायची. मग ती हाक पुढच्या प्रत्येक गेटवर सांगत सुटायची. मीरा रोडच्या अर्ध्या गेटांना त्या दिवशी मोबाईलआजी ठाऊक झाली.

तिला या गोष्टीचं वेड का, तेही तिनं एकदा सांगितलं. ती स्वतःच्या आईला वैनी म्हणायची. "घरात पाच काका. सगळे तिला वैनी म्हनत, मंग आमी पन वैनी. बापाला दादा. शाळेत गेले तवा कळला का बाकीच्यांच्या घरात आई असते. मी घरी येऊन वैनीला इचारला, आपल्याकडं आई कवा आननार?" हे सांगताना तिच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. मग मीही सांगून टाकलं, की लातूरकडे आमच्या घरी आत्याची मुलं राहायची, ती माझ्या वडिलांना मामा म्हणत, म्हणून आम्ही सख्खी मुलंही त्यांना मामाच म्हणायचो. झालं! टपावर थापा. "ऐकला का रं," ती ड्रायव्हरला ओरडली, "बापाला मामा!" तापटपणा आणि भांडण बाजूला राहून आमची त्या दिवसापासून गट्टी जमली.

पण माझा प्रश्न होता तिथंच होता. रोज प्राजक्ताच्या फोनवर किती दिवस भागणार? रेवाकडे माझ्यासाठी हाक नव्हती. "बाबा" हे नाव हॉलमधल्या फोटोचं होतं. ती रोज शाळेला जाताना त्या फोटोला "बाबा, येते" म्हणायची, आणि ते मोडायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मला काय म्हणायचं हे तिला सुचत नव्हतं. म्हणून ती काहीच म्हणायची नाही. तुमच्या लक्षात आलंय का बघा, ज्या मुलाकडे तुमच्यासाठी हाक नसते ते मूल तुम्हाला लांबून कधी बोलावत नाही. रेवाला पाणी हवं असलं की ती अख्खा हॉल ओलांडून माझ्यापर्यंत यायची, शर्टाची बाही ओढायची, आणि मग "मला पाणी देता का?" असं विचारायची. अहो-जाहो करायची. पाच वर्षांची पोर "तुम्ही जेवलात का?" म्हणून पाहुण्याची करावी तशी माझी चौकशी करायची. मला आतून फार तुटायचं, पण सांगणार कुणाला?

मग मी अक्कल लढवली. एका रविवारी मोठं चॉकलेट आणलं आणि तिला "डॅडी" शिकवलं. बाबा नाही, पप्पा नाही, एकदम वेगळं, कुणाच्या जागेवर न बसणारं. पाच वेळा म्हणून घेतलं. सोमवारी व्हॅन आली, हात आडवा झाला.

"कोन आलंय?"

"डॅडी," रेवा म्हणाली. वर्गात हजेरी देतात तशी.

मावशीनं हात काढला नाही. खाली वाकून तिनं विचारलं, "कुनी शिकवला?"

"यांनी." रेवानं माझ्याकडे बोट दाखवलं. "चॉकलेट दिलं."

सगळी व्हॅन हसली. मी घामाघूम. मावशी मात्र हसली नाही. व्हॅनमधून उतरून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तू तिला काय हाक मारतोस?"

"मी? बेटा म्हणतो."

"बेटा तर रिक्षावाला पन म्हनतो. तुज्याकडं तिच्यासाठी हाक न्हाय, आनि तिनं मात्र तुज्यासाठी आनायची व्हय?"

आजवर मला कुणी इतकं सरळ सुनावलं नव्हतं आणि इतकं पटलंही नव्हतं. मी एवढा हाक हाक करत होतो आणि स्वतः त्या पोरीला जगातल्या कुठल्याही मुलाला म्हणतात तेच म्हणत होतो. मावशी परत दारात गेली आणि रेवाला म्हणाली, "तोवर घरातले म्हन. तेवढा तर खरा हाय ना?" रेवानं मान डोलावली. त्या दिवसापासून रोज पाऊण वाजता मी घरातले होतो. प्राजक्ताच्या फोनची गरज संपली.

पुढच्या शनिवारी रेवाला मी गाळ्यावर घेऊन गेलो. पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर बसून तिनं अर्ध्या तासात कामगारांना तीन हुकूम सोडले. हे इकडे ठेवा, ते वाकडं झालंय, आणि पंखा तिकडे फिरवा. तीनही बरोबर होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं शेठ!" ती इतकी खूश झाली! मग घरी येताना शेठसाठी उरलेले तुकडे आले, शेठसाठी पुठ्ठ्याचं दुकान झालं, बाहुलीसाठी कपाट झालं, लिफ्टसकट सात मजल्यांची बिल्डिंग झाली. रोज पाऊण ते दीड मी कापायचं, चिकटवायचं, आणि शेठनं वाकडं झालंय म्हणून सांगायचं. घरभर पुठ्ठा. प्राजक्ता झाडू घेऊन आमच्या दोघांच्या मागे.

गेटवर मी पहिल्यांदा "चला शेठ!" म्हणालो तेव्हा मावशीचे डोळे केवढे मोठे झाले. टपावर दोन थापा मारून ती म्हणाली, "हां! निम्मा काम झाला."

उरलेलं निम्मं काही होईना. दिवाळी गेली, गॅदरिंग गेलं, रेवाला ताप येऊन गेला, त्यात मी तीन दिवस तिच्या उशाशी बसून होतो. "घरातले" काही बदललं नाही. मावशी रोज भुवई उडवून मला विचारायची, मी रोज मान हलवायचो. आम्हा दोघांना निकालाची वाट बघणाऱ्या पोरांसारखं झालं होतं.

आणि मार्चमध्ये शाळेनं कळवलं, की पुढच्या वर्षी व्हॅन बंद. कंपनीची बस येणार, मोबाइलवर चार आकडे येणार, ते दाखवले की मूल हातात मिळणार. मावशीचं काम संपलं. तिचे गुडघेही कुरकुरत होते, ती डहाणूकडे लेकीच्या गावी जाणार होती. मला एकदम घाई झाली. ती हाक मला तिच्यासमोर हवी होती! तिनं रागावून, समजावून, वाट बघून माझ्यासाठी जी जागा करून ठेवली होती तिथं पहिली हाक पडताना ती तिथं असायला हवी होती. शेवटचा आठवडाभर मी इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर जात होतो, आता काय सांगू!

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून तिला साडी दिली, गजरा दिला. तिनं गजरा तिथंच अंबाड्यात माळला. मग हात आडवा केला. एकेकाची हाक झाली, रेवा राहिली.

"कोन आलंय?"

मी शर्टाची कॉलर नीट केली.

"घरातले," रेवा म्हणाली.

मावशीनं हात वर केला. माझ्या दंडावर थोपटून म्हणाली, "येईल रं. घाई करू नको." आणि व्हॅन निघाली.

त्यानंतर ती मला भेटलेली नाही. खारीला दोनदा जाऊन आलो, घराला कुलूप. शेजारी म्हणाले, लेकीकडेच आहे, गावाचं नाव त्यांनाही नीट सांगता येईना. तिच्याकडे स्वतःचा मोबाइल नव्हता, ड्रायव्हरचा वापरायची, आणि ड्रायव्हरचा जुना नंबर आता लागत नाही. त्यामुळे व्हॅन निघाल्यानंतरची दोन मिनिटं तिला बहुधा ठाऊक नाहीत. ती तुम्हाला सांगतो. डहाणूच्या बाजूला कुणाला भेटलीच, तर एवढं तिच्या कानावर घाला.

व्हॅन निघाली आणि माझ्या लक्षात आलं, की रेवाच्या गळ्यात पाण्याची बाटली नाही. व्हॅनमध्ये राहिली! रेवाला वॉचमनजवळ उभं करून मी पळालो. कोपऱ्यावर एक टेम्पो मागे घेत होता म्हणून व्हॅन थांबली होती. "मावशी! बाटली!" ओरडत मी वीसेक पावलांवर पोचलो असेन, तोच मागून आवाज आला.

"पुठ्ठू!"

कुणाचं तरी कुत्रं असेल म्हणून मी पळतच राहिलो.

"ए पुठ्ठू! अरे थांब ना! बाटली दप्तरात होती!"

माझे पाय जागच्या जागी थांबले. वळून पाहिलं तर गेटपाशी रेवा, एका हातात बाटली उंच धरलेली. लांबून. पंचवीस-तीस पावलांवरून. ए म्हणून, अरे म्हणून! काल दुपारी हीच मुलगी मला "तुम्ही भात घेणार का?" असं विचारत होती. हे नाव तिनं कधी केलं, किती दिवस तोंडात धरून ठेवलं होतं, देव जाणे. अख्खं वर्ष मी तिच्यासमोर पुठ्ठाच कापत बसलो होतो, दुसरं तिनं काय म्हणावं?

मी परत व्हॅनकडे बघितलं. ऐकलंस का मावशी, ऐकलंस का! मागच्या काचेतून तिचा अंबाडा आणि पांढरा गजरा दिसत होता. गजरा हलला. तिनं मान वळवली असेल किंवा व्हॅनचा हादरा असेल, मला आजही सांगता येत नाही. टेम्पो सरकला, व्हॅन वळली आणि मेन रोडला लागली.

मी मधोमध उभा. मागे स्कूटरवाला भोंगा वाजवतोय, इस्त्रीवाला इस्त्री थांबवून बघतोय, वॉचमन हसतोय. एवढं बोलावूनही मी काही बोलत नाही म्हटल्यावर शेठ चिडल्या. त्यांनी दप्तर आणि बाटली खाली टाकली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी तिसरी हाक मारली.

"पुठ्ठूऊऊ!"

मी एकेचाळीस वर्षांचा, गाळ्यावर दहा माणसांचा मालक. भर रस्त्यात, छाती फुटेल इतक्या मोठ्यानं, मी ओ दिली.